ब्रेक नसलेली खुर्ची

हॅलिफॅक्समध्ये माझी उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात गेली. आमच्या शिकवणीच्या गाडीत मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक असतो. समोरून बस येतेय आणि शिकणारी मुलगी आरशात स्वतःचे केस बघतेय, अशा वेळी मास्तरने ओरडायचं नसतं. नुसता उजवा पाय दाबायचा. निवृत्त झालो तेव्हा मी ती गाडी विकली, पण पायाला ते कुणी कळवलं नाही. बसच्या वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसलो की तो दाबला जातो. टीव्हीवर गाय रस्ता ओलांडायला लागली तरी दाबला जातो. माझी बायको ग्लेनिस म्हणायची, "क्लिफ, गाईला वेळ दे, ती जाईल."

या पायामुळे मी मानसोपचारतज्ज्ञ होता होता राहणार होतो.

खरं तर मानसोपचार शिकायला लागली होती ती ग्लेनिस. ती डॉक्टरांच्या दवाखान्यात काउंटरवर असायची. लोक आत जाऊन डॉक्टरांना गुडघा दाखवायचे आणि बाहेर येऊन हिला नवऱ्याचं सांगायचे. नोकरी संपल्यावर तिने ठरवलं की आता हे रीतसर शिकायचं. गावातल्या एका जुन्या चॅपेलच्या वरच्या मजल्यावर हेस्टरबाईंची संस्था होती. तिथे मानवतावादी मानसोपचार शिकवत. मानसोपचारात बरेच पंथ आहेत. काही तुमचं बालपण उकरतात, काही तुम्हाला घरी करायला अभ्यास देतात. या पंथात तसलं काही नाही. समोरचा माणूस मुळात ठीक आहे, त्याची वाट त्याला सापडेल, असं धरून चालायचं. सल्ला द्यायचा नाही, बरं-वाईट ठरवायचं नाही, खोटं वागायचं नाही. तो म्हणतो ते नीट ऐकायचं आणि आपल्याला काय समजलं ते त्याला सांगायचं.

सराव घरी माझ्यावर व्हायचा. मी म्हणायचो, आज जेवायला उशीर झाला. ती खुर्ची ओढून समोर बसायची आणि म्हणायची, "जेवायला उशीर झाला, याचा तुला त्रास होतोय."

"होतोय."

"त्या त्रासाजवळ आपण जरा थांबूया."

मी उठून स्वतःची अंडी तळून घ्यायचो. तिचीही तळायचो. ती बशी घेताना म्हणायची की हा उपचार लागू पडला.

शिक्षण पुरं झालं की खरी माणसं भेटायला येणार, म्हणून तिने एका लिलावात दोन हिरव्या आरामखुर्च्या घेतल्या आणि पुढच्या खोलीत जरा तिरक्या, एकमेकींकडे तोंड करून मांडल्या. अगदी समोरासमोर मांडल्या की माणसाला चौकशी चालल्यासारखं वाटतं म्हणे. मला त्यांच्यावर बसायला मनाई होती. पहिलं वर्ष तिने पुरं केलं आणि फेब्रुवारीत ती गेली. खुर्च्यांवर कुणीच बसलं नाही.

तिचं नाव काढून टाका, हे सांगायला मी संस्थेत फोन केला. फोन हेस्टरबाईंनीच उचलला. मी म्हटलं, ग्लेनिस हेन्सवर्थ येणार नाही, ती वारली. बाई "हं" म्हणाल्या आणि गप्प राहिल्या. फोनवर कुणी गप्प राहिलं तर मला वाटतं गाडी बंद पडली. म्हणून मी बोलत राहिलो. डॉक्टरांचं बोललो, फुलांचं बोललो, हिरव्या खुर्च्यांचं बोललो. शेवटी मी म्हणालो, त्या खुर्च्यांवर कुणीतरी बसायला हवं. बाई म्हणाल्या, "कुणीतरी बसायला हवं, असं तुम्हाला वाटतंय." फोन ठेवला तेव्हा माझं नाव पुढच्या तुकडीत लागलेलं होतं. बाईंनी मला एका शब्दानेही यायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हा तर फार जबरदस्त धंदा आहे.

माझी बहीण ईनिड हे ऐकून इतकी हसली की तिला बसावं लागलं. "तू लोकांना सल्ला देणार नाहीस?" ती म्हणाली. "अरे, तू हॉस्पिटलात स्ट्रेचर ढकलणाऱ्याला वळण कसं घ्यायचं ते सांगत होतास."

तुकडी मोठी होती, पण सराव तिघातिघांत चाले. एक बोलणारा, एक ऐकणारा, एक बघणारा, आणि मग अदलाबदल. माझ्या तिघांत बर्निस होती, शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढून रिटायर झालेली, जी सगळ्यांना राजा म्हणायची. आणि डेस्मंड होता, आयकर खात्यातला, ज्याला अजून तरी कुणी राजा म्हटलं नसावं.

पहिल्याच दिवशी हेस्टरबाईंनी टिश्यू पेपरच्या डब्याचा नियम सांगितला. डबा मधोमध जमिनीवर राहील. कुणी रडलं तर त्याच्या हातात टिश्यू द्यायचा नाही. कारण टिश्यू देणं म्हणजे 'आता पुरे' असं सांगणं. ज्याला हवा तो स्वतः घेईल. मला हे पटलं. मी मान डोलावली. त्यानंतर डेस्मंड बोलायला बसला, त्याचे डोळे लाल दिसले, आणि मी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. डेस्मंड म्हणाला, "मला सर्दी झालीय." बर्निस खिडकीकडे तोंड करून उभी राहिली, तिचे खांदे हलत होते.

पण खरी अडचण रुमालाची नव्हती, पायाची होती. चॅपेलची जमीन फळ्यांची. समोरचा माणूस एखाद्या दुखऱ्या गोष्टीच्या जवळ यायला लागला, की माझा पाय फळीवर धप्प करून आपटायचा. डेस्मंडचे वडील आजारी होते. तो नेहमी बागेपासून सुरू करायचा. वडिलांनी लावलेले वाटाणे, मग वडिलांची खुरपी, मग वडिलांचे हात, आता हात कसे थरथरतात, आणि मग धप्प. डेस्मंड थांबायचा आणि पुन्हा वाटाण्यांवर जायचा. असे ते वाटाणे दोन वर्षं चालले. खाली ब्रास बँडची तालीम असायची. त्यांच्या मास्तरने एकदा वर येऊन विचारलं, की तुमच्याकडे कुणी ताल चुकवतंय का.

हेस्टरबाईंनी मला काही करू नका असं सांगितलं नाही, सांगणारच नव्हत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "क्लिफर्ड, तुमचा पाय काहीतरी म्हणतोय." मी म्हटलं, तो ब्रेक म्हणतोय. मग मी आपणहून उशी घेऊन जमिनीवर मांडी घालून बसायला लागलो. धप्प बंद झालं. पण बर्निसने सांगितलं, की मोज्यात अंगठा वर-खाली होतोय आणि तिला दुसरीकडे बघताच येत नाही. शिवाय माझे गुडघे असे, की तास संपल्यावर मला उठवायला डेस्मंड आणि बर्निस दोघं लागायचे. पुन्हा खुर्ची आली.

बोलायची पाळी माझी आली, की मी नॉरिसच्या कॅराव्हॅनबद्दल बोलायचो. नॉरिस माझा शेजारी. त्याची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायची ती घरासारखी पेटी, माझ्या फाटकाला निम्मी आडवी उभी असायची. ग्लेनिसबद्दल बोलायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. कॅराव्हॅनच पुष्कळ होती. तिचं छत गळतं, तिच्यावर शेवाळ आलंय, नॉरिस तिला वर्षातून एकदा समुद्रावर नेतो आणि तेवढा एक आठवडा मी फाटक उघडून नुसता उभा राहतो. डेस्मंड मन लावून ऐकायचा. म्हणायचा, "तुझ्या फाटकात काहीतरी उभं आहे आणि तुला बाहेर पडता येत नाही." मी म्हणायचो, अगदी बरोबर, नगरपालिकेलाही मी हेच लिहिलंय. तो हेस्टरबाईंकडे बघायचा. बाई छताकडे बघायच्या.

आमच्या पंथात परीक्षक नसतात. शेवटच्या वसंतात एक दिवस ठरतो. त्या दिवशी प्रत्येकजण एकदा बोलणारा होतो आणि एकदा ऐकणारा. मग खऱ्या माणसांना भेटायला मी तयार आहे का, हे आधी स्वतः सांगायचं, मग सोबत्यांनी, मग बाईंनी. सगळ्यांचं होय आलं पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण इथे सगळे बरं-वाईट ठरवायचं नाही हे शिकलेले. आधीच्या तुकडीत एका गृहस्थाला नाही म्हणायला सबंध दुपार लागली. त्याच्यातल्या चांगल्या गोष्टी सांगता सांगता सोबती असं काही 'नाही' म्हणाले, की ते होयच समजून तो घरी जाऊन पार्टी करून बसला.

मला नाही आलं तर मी काही उपाशी मरणार नव्हतो. पण घरी त्या दोन हिरव्या खुर्च्या होत्या. मी रोज त्यांच्यावरची धूळ पुसायचो. होय आलं, तर एका खुर्चीवर माणूस येऊन बसेल. नाही आलं, तर मला त्या विकाव्या लागतील. पुढच्या खोलीचं दार बंद ठेवून मी आणखी एक हिवाळा काढू शकलो नसतो. एवढंच होतं, पण तेवढं होतं.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या शनिवारी नॉरिसने कॅराव्हॅन विकली.

मी खिडकीतून बघत होतो. एक जोडपं आलं, त्यांनी ती आपल्या गाडीमागे जोडली आणि नेली. नॉरिस कुंपणावरून हात हलवत म्हणाला, "घे क्लिफ, सुटलास एकदाचा." इतक्या वर्षांत त्याचा इतका राग मला कधी आला नव्हता. मी त्याला म्हटलं, निदान मंगळवारपर्यंत तरी थांबायचं होतंस. त्याला वाटलं बायको गेल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

मंगळवारी आम्ही तिघं आणि हेस्टरबाई गोल बसलो. टिश्यूचा डबा मधोमध. खाली बँडवाले एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत होते. बोलायची पहिली पाळी माझी, ऐकणार बर्निस.

मी म्हटलं, कॅराव्हॅन गेली.

बर्निस म्हणाली, "गेली."

मी म्हटलं, आता बोलायला काही नाही. ती काही म्हणाली नाही. हेस्टरबाई काही म्हणाल्या नाहीत. बँडवालेसुद्धा नेमके थांबले. ती फोनवरची शांतता पुन्हा आली, आणि मला ती कधीच सहन होत नाही, म्हणून मी गाडीचं बोलायला लागलो. गाडीचं मी झोपेतही बोलू शकतो.

मी सांगितलं, की ग्लेनिस माझ्याकडे गाडी शिकायला आली होती. तशीच आमची ओळख. ती पहिल्यांदा नापास झाली तेव्हा मला आनंद झाला, कारण शिकवणी चालू राहणार होती. दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा मी परीक्षकाला मनातल्या मनात आशीर्वाद दिले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, आता तू लग्नाचं विचारणार आहेस, की मी आणखी एक खांब पाडू? बर्निस हसली. ऐकणाऱ्याने हसायचं असतं की नाही, मला ठाऊक नाही.

मग मी हॉस्पिटलचं सांगितलं. शेवटचं न्यायचं होतं त्या सकाळी ग्लेनिसने किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, मी चालवणार. मी नको म्हटलं. ती म्हणाली, यानंतर मला गाडीत बसायला मिळणार नाही, तर आज मी या बाजूला बसणार. आमची ती घरची गाडी, शिकवणीची नव्हे. मी डाव्या सीटवर बसलो. ती छान चालवत होती, मी शिकवलं होतं त्याहून छान. रस्ता मोकळा होता. पण मी सारखा पाय दाबत होतो. उतारावर दाबला, सिग्नल हिरवा होता तरी दाबला, हॉस्पिटलची पाटी दिसली तेव्हा तर दोन्ही पाय दाबले. ग्लेनिसने समोरून नजर न काढता माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाली, "क्लिफ, तिथे ब्रेक नाहीये."

दोन वर्षं जे कॅराव्हॅनच्या मागे अडलेलं होतं ते सगळं आलं, आणि ते चांगलं दिसेल अशा रीतीने आलं नाही. नाकातून आलं. मी बाहीने पुसायला लागलो. बाही भरली, मग दुसरी भरली. डबा समोर जमिनीवर होता, आणि माझे गुडघे असे, की मी वाकलो तर पुन्हा वर येणार नाही. मी बर्निसकडे पाहिलं. तिचा हात डब्याकडे निघाला, हवेत थांबला आणि मांडीवर परत आला. डेस्मंड मला इतक्या आदराने बघत होता की माझी हनुवटी टपकतेय हे त्याला दिसत नव्हतं. हेस्टरबाईंच्या चेहऱ्यावर मला माझी वाट सापडेल असा पुरा विश्वास होता. तीन भली माणसं, तिघांनाही दया येत होती, आणि नियमामुळे एकही हलत नव्हतं.

शेवटी मीच म्हटलं, "अरे, ते खोकं द्या ना कुणीतरी. माझे गुडघे."

तिघंही एकदम उठले. बर्निसचं डोकं डेस्मंडच्या कपाळावर आपटलं, हेस्टरबाईंच्या पायाने डबा उडाला आणि पियानोखाली गेला. मग डेस्मंड, आयकर खात्यातला डेस्मंड, पोटावर पालथा होऊन पियानोखाली शिरला आणि धुळीने भरलेला डबा घेऊन बाहेर आला. मी निम्मा डबा संपवला. उरलेला बर्निसने संपवला. तिला टेंगूळ आलं होतं, पण ती त्यासाठी रडत नव्हती.

चहा झाला. हेस्टरबाईंनी विचारलं, की ऐकायची पाळी पुढच्या आठवड्यात घ्यायची का. मी म्हटलं, आजच. उद्या माझा विचार बदलेल.

डेस्मंड समोर बसला. कपाळ लाल झालेलं. तो वाटाण्यांपासून सुरू झाला. मला त्याचा प्रत्येक वाटाणा पाठ होता, तरी मी ऐकलं. वाटाण्यांवरून खुरपीवर आला, खुरपीवरून हातांवर. म्हणाला, परवा वडिलांच्या शर्टाची बटणं लावून दिली. लहानपणी ते माझी लावायचे. बटण लावताना ते माझ्याकडे असे बघत होते, जसं...

धप्प.

माझा पाय होता तो. मी काही ठरवून केलं नव्हतं, मी तर अगदी त्याच्याबरोबर होतो, तरी तो आपटला. डेस्मंड थांबला. हेस्टरबाईंनी डोळे मिटले. माझ्या डोळ्यांसमोर दोन हिरव्या खुर्च्या आणि त्यांच्यावर लिलावाच्या चिठ्ठ्या आल्या.

डेस्मंडने खाली माझ्या बुटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"क्लिफ," तो म्हणाला, "तिथे ब्रेक नाहीये."

आणि तो पुढे बोलत राहिला. वडील त्याच्याकडे कसे बघत होते ते त्याने सांगितलं. त्यांना नाव आठवलं नाही, तेही सांगितलं, आणि कुणाचं नाव तेही. पाय आणखी एकदा आपटला. डेस्मंडने बघितलंही नाही. मी काही शहाणं बोललो नाही. मी म्हणालो, "त्यांना तुझं नाव आठवलं नाही, आणि तू बटणं लावत राहिलास." तो हो म्हणाला. मग आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही, आणि मला ती शांतता संपवावीशी वाटली नाही. खाली बँडवाल्यांना ती ओळ एकदाची जमली.

मग विचारण्याची वेळ आली. हेस्टरबाईंनी मला विचारलं, तुम्ही तयार आहात का. मी म्हटलं, मी आहे, पायाचं सांगता येत नाही. डेस्मंडने होय म्हटलं आणि लगेच नाक शिंकरलं. यावेळी त्याला सर्दी नव्हती. बर्निस म्हणाली, "राजा, तुझा पाय आला तरी मी तुझ्याकडे येईन." हेस्टरबाई सगळ्यात शेवटी बोलल्या. त्यांनी होय म्हटलं आणि मग, मी पाहिलं त्या सगळ्या काळात पहिल्यांदा, एका माणसाला सरळ सल्ला दिला. म्हणाल्या, क्लिफर्ड, मऊ तळव्याच्या सपाता घ्या.

सपाता घ्याव्या लागल्या नाहीत. ग्लेनिसने मला एका नाताळात दिलेल्या होत्या, मी त्या कधी घातल्या नव्हत्या.

पहिला माणूस जूनमध्ये आला. आडदांड, ट्रक चालवणारा. तो हिरव्या खुर्चीवर बसला, खुर्ची कुरकुरली, पण टिकली. डबा मी त्याच्या हाताजवळ तिपाईवर ठेवला होता. जमिनीवर ठेवायचा नाही, हा बदल मी माझ्या जबाबदारीवर केलाय. पहिल्या काही मिनिटांतच तो त्याच्या बायकोवर आला आणि माझी सपात गालिच्यावर दबकन वाजली. तो थांबून खाली बघायला लागला.

म्हणाला, "हे काय?"

मी म्हटलं, "जुनी सवय आहे. तुम्ही चला पुढे."